ताईंना हलकं चालत नाही

आमच्या घरात एक शब्द बरीच वर्षं बंद होता. शिवी नव्हती, कोणाचं नाव नव्हतं. शब्द होता ‘हलकं’. मी पोळीला पातळ म्हणायचे, पिशवीला कमी वजनाची म्हणायचे, आणि ताप उतरल्यावर नवऱ्याला ‘हलकं वाटतं का’ असं विचारण्याऐवजी ‘बरं वाटतं का’ एवढंच विचारायचे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. माझं तर चारचौघांत पोळलं होतं.

वाशिमला आम्ही घर बांधलं तेव्हाची गोष्ट. मुलगी तेव्हा पाचवीत होती, आता ती नोकरी शोधते आहे. वास्तुशांती भर वैशाखात आली. नवऱ्याची मोठी बहीण, म्हणजे माझी नणंद, आमच्या ताई, शिरपूरला दिलेली. नणंदेला साडी द्यायची म्हणजे आमच्याकडे ती एकट्या नणंदेला द्यायची नसते, भोवती बसलेल्या सगळ्या बायकांना द्यायची असते. त्या पदर चिमटीत धरतात, काठ चोळून बघतात, साडी तळहातावर तोलतात आणि मग भावजयीची किंमत करतात. हे मला ठाऊक होतं. पण ताईंच्या घरी भाजीपाल्याचा मळा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि उन्हात बाई दिवसभर उभी. भरजरी साडी तिच्या कपाटात पडून राहील, असा विचार मी केला आणि दुकानं पालथी घालून एक कोटा साडी घेतली. पिस्ता रंगाची, बारीक चौकटीची, हातात घेतली तरी घेतल्यासारखी वाटू नये अशी. माझ्या स्वतःच्या साडीपेक्षा ती महाग पडली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आज सांगते.

ओटी भरताना साडी दिली आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, ताई, हलकी हाय, उन्हाळ्यात अंगाले लागनार नाही.

बायकांचे हात थांबले. शिरपूरच्याच, ताईंच्या एक चुलत सासूबाई शेजारी होत्या, त्यांनी पदर चिमटीत धरला आणि लगेच सोडून दिला. ताई हसल्या, चांगली हाय म्हणाल्या, साडी पिशवीत ठेवली. मुक्कामाला आलेली बाई संध्याकाळच्याच बसनं परत गेली. बस शिरपूरला पोचायच्या आत बातमी तिथं पोचली होती. भावजयीनं नणंदेला हलकी साडी दिली, आणि वर तोंडानं सांगितलंसुद्धा.

मला इतका राग आला की दोन दिवस मी नव्या घराला नावं ठेवत होते. एकदा शिरपूरला जाऊन सगळं स्पष्ट करून यावं असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, जाऊ दे. जाऊ दे म्हणणाऱ्या माणसाचं त्यात कधी काही गेलेलं नसतं. ताईंनीही तो विषय पुन्हा काढला नाही, आणि खरी अडचण तीच झाली. भांडल्या असत्या तर मला बोलता आलं असतं. दिवाळीला आल्या, भाऊबीजेला आल्या, लग्नाकार्यात भेटल्या, पण ती साडी नेसून कधी आल्या नाहीत. कोणाला तरी देऊन टाकली असणार, असं मी धरून चालले.

मी वाशिममध्ये टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकवते. लहानसा क्लास आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. माझ्या हाताखालून इतकी मुलं गेली की बँकेत गेले तर खिडकीमागचा माणूस उभा राहतो. ताईंनी या माझ्या विद्येची कधी दखल घेतली नव्हती. म्हणून मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांचा फोन आला आणि त्यांनी कॉम्प्युटर हा शब्द उच्चारला, तेव्हा मी गॅस बंद करून खुर्चीत बसले.

ताई गावातल्या एका छोट्या वाचनालयाचं काम बघतात. दोन खोल्या, चार कपाटं, एक टेबल. सकाळी मळ्यातल्या मेथीच्या जुड्या बांधून गाडीत चढवल्या की त्या हातपाय धुऊन वाचनालय उघडायला जातात. समितीचे अध्यक्ष गावातले जुने कापडदुकानदार, जैन, वयानं वडीलधारे. सगळे त्यांना काकाजी म्हणतात. माणूस सज्जन. पण पुस्तकांची यादी आता कॉम्प्युटरवर हवी असं वरून सांगण्यात आलं होतं, आणि काकाजींपुढं पेच पडला होता. वाचनालयात एक कॉम्प्युटर होता. कुणीतरी नवा घेतल्यावर जुना दान केलेला. त्यावर ताईंना काम जमलं तर ठीक, नाहीतर ज्याला येतं असं कोणीतरी ठेवावं लागेल, असं समितीत ठरलं होतं. उन्हाळा संपायच्या आत एक रविवार ठरवून ताईंनी सगळ्यांसमोर करून दाखवायचं होतं.

हे सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, ताई, कायले एवढा त्रास करून घेता, तिथं मिळते तरी काय तुम्हाले. त्या म्हणाल्या, "घरी मी कुठंबी बसली त् कोनी ना कोनी चहा मांगते. त्या खुर्चीत बसली की कोनी मांगत नाही."

मी दुसऱ्याच दिवशी शिरपूरची बस धरली.

कॉम्प्युटर कोपऱ्यात होता, त्यावर क्रोशाचं झाकण. ताईंनी ते देवाच्या मूर्तीवरून काढावं तसं काढलं. बटण दाबलं तर आत कुरकुर सुरू झाली, पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं, आणि आम्ही दोघी त्या चक्राकडे बघत बसलो. ताईंनी माठातलं पाणी दिलं. मी प्यायले, भांडं ठेवलं, चक्र फिरतच होतं. मी मशीनचा डबा उघडला, धूळ झटकली, आत मेमरी किती आहे ते पाहिलं आणि काय झालंय ते कळलं. मशीन जुनं, जीव लहान, आणि दान करणाऱ्यानं जाता जाता त्यात नवीन काळातली, सगळीकडे असते ती भलीमोठी सिस्टीम घालून ठेवली होती. मेमरी वाढवावी म्हटलं तर असल्या जुन्या बोर्डात बसणारी आता दुकानात मिळत नाही.

सिस्टीम म्हणजे काय ते मी ताईंना समजावून सांगितलं, आणि बरं सांगितलं. म्हटलं, मशीन उठलं की सगळ्यात आधी उठते आणि बाकीच्यांना कामाला लावते ती. घरातली कर्ती बाई समजा. आता टोपल्यात भाकरीच दोन, आणि कर्ती बाईच दोन्ही खाऊन बसली, तर कामाच्या माणसांनी काय खायचं? इथं तेच झालंय. हिच्या जागी कमी खाणारी आणायची. लिनक्सच्या घराण्यात तशा पुष्कळ आहेत, फुकट मिळतात, मराठीही येते त्यांना. ताई मान हलवत होत्या. त्यांना पटत होतं. आणि मी, इतकी वर्षं जपून ठेवलेली जीभ, तिथं सोडली.

"ताई, याच्यात हलकी सिस्टीम टाकू. तुमच्यासाठी हलकीच बरी."

ताईंची मान थांबली.

"मायासाठी हलकीच बरी," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं परत म्हटलं.

मी घाईघाईनं सावरायला गेले. तसं नाही, हलकी म्हणजे कमी मेमरी लागते ती, वेगानं चालते ती. पण शब्द तोंडातून गेला होता आणि आम्हा दोघींच्या मध्ये वास्तुशांतीचा अख्खा मांडव उभा राहिला होता.

"बँकेत हलकी हाय का?"

नाही, म्हटलं, पण तिथली मशीनं...

"तहसीलात हाय का? मंग अठीच काहून? या वाचनालयाले खुर्च्या आल्या त्या कोनाच्या तरी मोडक्या. पुस्तकं आली ती कोनाच्या तरी घरातून निघालेली. मशीन आलं तेबी तसंच. आता सिस्टीमबी हलकी. हाय तेच राहू दे, मी चालवतो बरोबर."

बाई असूनही ताई ‘चालवतो’, ‘करतो’ असंच बोलतात, आमच्याकडे पुष्कळ बायका बोलतात. त्यांनी क्रोशाचं झाकण परत घातलं, चारी कोपरे नीट ओढले आणि मला म्हणाल्या की तुझी बस निघून जाईल.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बसमध्ये खिडकीशी बसून मी मनातल्या मनात ताईंना इतकं सुनावलं की शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली. महागाची साडी दिली तर हलकी, फुकटची विद्या दिली तर हलकी. या बाईला एक पाटा-वरवंटा नेऊन द्यावा, तो तरी जड आहे. घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, जाऊ दे.

पुढचे काही दिवस आमचं फोनवर बोलणं होत राहिलं, पण कसं, ते सांगते. एकदा मी विचारलं, मशीन चालू आहे ना. ताई म्हणाल्या, हाय ना, आताच बटन दाबलं. मग त्यांनी मेथीचं सांगितलं, भाव पडला म्हणाल्या. मग कोणाचं तरी लग्न जमलं ते सांगितलं, मुलगा कसा आहे, आहेर कोणाकोणाला केला, जावयानं कुठं रुसवा धरला. मग वांग्यांवर पडलेली कीड झाली. आणि मग मध्येच, समाधानानं, "हं, लागलं आता," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. एवढ्या वेळात मशीन नुसतं उठत होतं. आमची सगळी सोयरीक सांगून झाली तेव्हा ते जागं झालं. मी फोनकडे बघत हसले, आणि मग हसू आलं याचंच वाईट वाटलं. ती बाई रोज तशी बसत होती, एकटी, त्या चक्राकडे बघत.

नंतर एके दिवशी दुपारी फोन आला. आवाज एकदम साधा. "काय वं, मशीन अटकलं त् लिहिलेलं कुठं जाते?"

साठवलं होतं का, मी विचारलं.

"साठवालेच गेली होती, तवाच अटकलं."

किती होतं?

"काही नाही, थोडंसंच."

ते थोडंसं नव्हतं. एक बोट मग दुसरं बोट असं करत, अक्षर शोधत शोधत, एका कपाटाची पुस्तकं त्यांनी चढवली होती. माझ्या क्लासमध्ये असं झालेल्या मुली रडतात, मी त्यांना समोरच्या टपरीवरून भजी आणून देते. ताईंना कोण भजी देणार होतं? त्यांनी तर मला रडूही ऐकू दिलं नाही. माझा राग त्याच क्षणी गेला, म्हणजे ताईंवरचा गेला. त्या चक्रावरचा राहिला. दुसऱ्या दिवशी क्लासला सुट्टी दिली, तीन पेन ड्राइव्हवर तीन वेगवेगळ्या सिस्टीम घेतल्या, आणि कोणालाही न कळवता शिरपूरला निघाले. कळवलं असतं तर ताई नको म्हणाल्या असत्या.

भर मे महिना. उतरले तेव्हा रस्त्यावर मोजकी माणसं, जैन मंदिराकडं जाणारे दोनचार यात्रेकरू डोक्यावर पंचे घेऊन सावली शोधत होते. वाचनालयाचं दार अर्धं लोटलेलं. मी ते ढकललं.

ताई टेबलाशी बसून जुन्या पुस्तकांच्या पाठींवर खळ लावत होत्या. अंगावर पिस्ता रंगाची साडी होती.

आधी मला ओळखूच आली नाही, इतका रंग गेला होता. बारीक चौकटी तेवढ्या उरल्या होत्या. पदराला रफू केलेलं, एका ठिकाणी रफूवर पुन्हा रफू. धुऊन धुऊन साडी मऊ झाली होती आणि ताईंच्या अंगावर ती नेसल्यासारखी वाटत नव्हती, अंगाचीच वाटत होती. कपाटात पडलेली साडी अशी होत नाही. रोज नेसून होते.

ताई उभ्या राहिल्या. त्यांचा हात पदराकडं गेला, पण लपवायचं काय आणि कुठं. मीही दारातच उभी. हातात पिशवी, पिशवीत तीन पेन ड्राइव्ह.

शेवटी त्याच म्हणाल्या, "हलकी हाय. उन्हाळ्यात दुसरी सहनच नाही होत अंगाले."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो शब्द आमच्यापैकी कोणीतरी बरोबर वापरला होता. माझे डोळे भरून आले, आणि डोळे भरले की मला राग येतो. मी म्हटलं, "मंग तवा काहून तसं तोंड केलं, ताई? इतके वर्ष मी..."

"साडीचं नव्हतं वं." त्या खाली बसल्या, खळीच्या वाटीकडं बघत बोलल्या. "साडी मले तवाच आवडली होती. तू सगळ्याइच्या समोर म्हनलं. माया सासरचे बसले होते तठी. गावात येऊन मले रोज आयकू आलं, माहेरानं हलकं देल्लं, माहेरानं हलकं देल्लं. मंग मी त्याइच्या समोर कशी नेसू? अन् तुयासमोर कशी नेसू? म्हनून अठी नेसतो. अठी कोनी साडी पाहाले येत नाही, पुस्तकं पाहाले येतात."

बोलून झाल्यावर त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, मला पाणी दिलं आणि स्वतः क्रोशाचं झाकण काढलं.

"दाखव तुयी हलकी," म्हणाल्या.

या सिस्टीमींचं एक चांगलं असतं. मशीनच्या आतलं काही न हलवता पेन ड्राइव्हवरूनच त्या चालवून पाहता येतात. दुकानात साडी नुसती खांद्यावर टाकून आरशात बघावी, तसं. मी ताईंना म्हटलं, तीन आहेत, तिन्ही अंगावर टाकून बघा, पसंत तुमची.

पहिली लावली. ती तिघींत सगळ्यात कमी खाणारी, आणि डोळे मिटून उघडेपर्यंत जागी झाली. ताईंना आनंद झाला. पण पडद्यावर काहीच नव्हतं. ना खाली पट्टी, ना कुठं बटण, नुसता करडा रंग. हिच्यात मोकळ्या जागेवर माऊसचं उजवं बटण दाबायचं असतं, मग यादी उघडते, हे मला ठाऊक, माझ्यासारख्या चार जणांना ठाऊक. ताई म्हणाल्या, ही त् रिकामी खोली हाय, अठी मानूस हरपून जाईन. मी पेन ड्राइव्ह काढला.

दुसरी देखणी. रंग काय, खिडक्या सरकतात काय. पण उघडताना पुन्हा तीच कुरकुर सुरू झाली आणि ताईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं. हिचा खर्च आधीच्या कर्त्या बाईएवढाच आहे, असं त्यांच्या नजरेत स्पष्ट होतं. तीही काढली.

तिसरी मधली. साधी, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादीचं बटण, मोठी अक्षरं. पहिलीएवढी चपळ नाही, पण आता उठते की नंतर असा प्रश्न पडू देत नाही. मी ती मराठीत करून दिली. ताईंनी चष्मा लावून यादीतलं एकेक वाचलं. शेवटच्या ओळीशी त्या थांबल्या.

"हे काय लिहून हाय? ‘बाहेर पडा’?"

बरोबर आहे, मी म्हटलं, काम संपलं की त्याच्यावर दाबायचं.

"कोनं बाहेर पडाचं? मी?" ताई खरंच दुखावल्या होत्या. "समितीवाले म्हनून राह्यले बाहेर पडा, आता हेबी म्हनते."

मी इतकी हसले की खळीची वाटी कलंडली. मग ताईही हसल्या. जावा-नणंदांच्या गप्पांत हसतो तसं हसणं नव्हतं ते, पोट धरून हसणं होतं. हसू ओसरल्यावर मी ती ओळ यादीतून काढली आणि तिच्या जागी ‘बंद करा’ एवढंच एक मोठं बटण खालच्या पट्टीवर, अगदी कोपऱ्यात, आणून ठेवलं. ताईंनी ते दाबून पाहिलं. मशीन बंद झालं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद केलं. त्यांचा चेहरा सैल झाला.

"हीच राहू दे," त्या म्हणाल्या. "बंद कुठून कराचं ते दिसते. मले त् आतापर्यंत हेच भेव होतं, सुरू केलं अन् बंद नाही झालं त् काय करू."

इतकी वर्षं शिकवते मी, पण नवख्या माणसाला पहिली भीती बंद कसं करायचं याची असते, हे मला कोणी असं सरळ सांगितलं नव्हतं. मुलं सांगत नाहीत, त्यांना लाज वाटते.

मग मी ती आत बसवली. जुनी सिस्टीम पुसून टाकायच्या आधी ताईंनी लिहिलेलं जे काही शिल्लक होतं ते बाजूला काढून घेतलं. बसवताना वेळ लागतो, तेवढ्यात ताई खळ लावत बोलत होत्या. मागच्या अंगाचं त्यांचं रान हलकं आहे, मुरमाड. दिरानं एक वर्ष हट्टानं तिथं लांब मुदतीचं, भारी जमिनीचं सोयाबीन पेरलं आणि ते शेंगा भरायच्या वेळी वाळलं. तिथं लवकर निघणारंच वाण लागते, त्या म्हणाल्या, अन् त्या रानाले हलकं म्हनलं म्हनून त्याले कधी राग नाही आला. एवढं बोलून त्यांनी तिरप्या डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला चिडवत होत्या की स्वतःला, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळच्या बसनं मी परतले. पुढचे दिवस ताईंनी सगळी कपाटं एकेक करून चढवली. फोन यायचे, पण आता त्यात मेथी आणि लग्नं नसायची. ‘श्र’ कसा काढायचा, रफार आधी का नंतर, दोन पुस्तकांचं नाव एकच असलं तर काय करायचं. मी पोळ्या लाटता लाटता उत्तरं द्यायचे.

ठरलेल्या रविवारी मीही गेले. ताईंना भीती वाटेल म्हणून गेले असं मी नवऱ्याला सांगितलं, पण मलाच राहवत नव्हतं. ही बाई इतक्या माणसांसमोर चुकली तर ती खुर्ची जाणार होती, आणि ती घरी जाऊन सगळ्यांना चहा करत बसणार होती, आयुष्यभर.

समितीची माणसं जमली. काकाजी पांढरं धोतर, काळी टोपी घालून मधल्या खुर्चीत. समितीत बाई सभासद म्हणून ताईंच्या त्याच चुलत सासूबाई होत्या, वास्तुशांतीत पदर चिमटीत धरणाऱ्या. मी ताईंकडं बघितलं. त्या पिस्ता रंगाची साडी नेसून आल्या होत्या, रफूसकट.

काकाजींनी मशीन सुरू करा म्हटलं, आणि आता वेळ लागणार म्हणून आरामात चष्म्याचं घर काढलं. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यावर चढवेपर्यंत पडदा तयार होता. त्यांनी मराठीतल्या एका जुन्या धार्मिक ग्रंथाचं नाव सांगितलं. ताईंनी अक्षरं शोधत, न घाबरता, ते लिहिलं. कपाट कोणतं, खण कोणता, पडद्यावर आलं. कोणीतरी जाऊन त्या खणातून पुस्तक काढून आणलं. काकाजींनी ते हातात घेतलं, पुन्हा पडद्याकडं बघितलं, आणि आणखी एक नाव सांगितलं. तेही निघालं. तिसरं नव्हतंच वाचनालयात, आणि नाही असंही मशीननं लगेच सांगितलं. काकाजी हसले.

"आमच्या दुकानात हाय तशी नाही दिसत ही सिस्टीम," ते म्हणाले. "कोनती हाय?"

ताईंनी उत्तर द्यायच्या आधी चुलत सासूबाई बोलल्या. त्यांना कुठून कळलं होतं कोण जाणे, शिरपूरमध्ये कळतं. "हलकी हाय म्हनतात," त्या म्हणाल्या, आणि शब्द पुन्हा चिमटीत धरल्यासारखा धरला.

सगळे ताईंकडं बघायला लागले. मी खाली, फरशीकडं.

"हो, हलकी हाय," ताई म्हणाल्या. आवाज वाचनालयाला साजेल एवढाच, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माया भावजयीनं देल्ली." मग त्यांनी पदराचं रफू केलेलं टोक सरळ करून गुडघ्यावर घेतलं. "तिचं सारं हलकंच असते. अंगाले लागत नाही, अन् वर्षानुवर्ष टिकते."

काकाजींनी साडीकडं पाहिलं. आयुष्यभर कापड विकलेला माणूस, त्यांना दुरूनच कळलं असणार ती काय आहे ते. त्यांनी नुसती मान हलवली आणि काम तुमच्याकडंच राहील म्हणाले. मग एवढ्या उन्हाचे सगळे आले आहेत तर चहा तरी होऊ द्या, असंही म्हणाले.

चुलत सासूबाईंनी सवयीनं ताईंकडं बघितलं. दोघातिघांनी बघितलं. मीही बघितलं, खोटं कशाला बोलू.

ताई खुर्चीतून उठल्या नाहीत. समोरच्या हॉटेलातून चहा मागवावा लागला.